कालपासून काय बदललं?

जुलै २००८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को शहराच्या प्रशासनावर एक विचित्र वेळ आली. फायबरवॅन नावाच्या जाळ्यावरून शहराचा बहुतांश डेटा धावत होता. पगारपत्रकं, ई-मेल, पोलिसांच्या नोंदी, सगळं त्यावरच होतं आणि सगळं सुरळीत चालू होतं. एकही केबल तुटली नव्हती की एकही यंत्र बंद पडलं नव्हतं. मात्र त्या जाळ्यातल्या मुख्य राउटर आणि स्विचमध्ये शिरण्याचे पासवर्ड एकाच माणसाला ठाऊक होते, आणि तो माणूस तुरुंगात होता.

टेरी चाइल्ड्स हा महापालिकेचाच नेटवर्क इंजिनिअर. हे जाळं उभारण्यात त्याचा मोठा वाटा. वरिष्ठांशी त्याचे खटके उडत होते. त्याला कामावरून बाजूला करताना पासवर्ड मागितले गेले, त्यानं ते दिले नाहीत आणि काही दिवसांत त्याला अटक झाली. अखेर २१ जुलैला महापौर गॅव्हिन न्यूसम स्वतः तुरुंगात जाऊन त्याला भेटले, तेव्हा त्यानं ते त्यांच्या हाती दिले. खटला २०१० मध्ये निकाली निघाला. चार वर्षांची शिक्षा झाली. ज्युरीत योगायोगानं एक नेटवर्क इंजिनिअरही होता.

तो बरोबर की चूक, यावर या पेशातली माणसं अजूनही हमरीतुमरीवर येतात. आपल्या कामाचा प्रश्न वेगळा आहे. यंत्रं शहराची, इमारती शहराच्या, मग पासवर्ड मोडून आत का नाही शिरता आलं? एरवी ते फारसं अवघड नसतं. यंत्रापाशी जायचं, वीज काढायची, ठरावीक बटण किंवा कळ दाबून धरत पुन्हा चालू करायचं, की साठवलेला पासवर्ड बाजूला ठेवून यंत्र उघडतं. इथे दोन अडथळे होते. काही यंत्रांवर चाइल्ड्सनं ही सोयच बंद करून टाकली होती. आणि काही महत्त्वाच्या यंत्रांची सगळी मांडणी फक्त चालू स्मृतीत होती. वीज गेली की ती पुसली जाणार. म्हणजे आत शिरण्यासाठी यंत्र बंद करायचं, तर ज्यासाठी आत शिरायचं तेच नाहीसं होणार.

हे नीट कळण्यासाठी स्विचच्या पोटात डोकावायला हवं.

इथरनेटचा पहिला व्यापारी स्विच १९९० साली बाजारात आला. तो आणणाऱ्या कंपनीचं नाव होतं ‘कल्पना’. विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर या संस्थापकांनी ते भारद्वाजांच्या पत्नीच्या नावावरून ठेवलं होतं. चार वर्षांनी सिस्कोनं ती कंपनी विकत घेतली. त्या पहिल्या स्विचला सात पोर्ट होते. आज तालुक्याच्या गावातल्या पतसंस्थेत यूपीएसच्या बाजूला, कोळिष्टकांच्या संगतीत जो २४ पोर्टांचा डबा लुकलुकत असतो, तो मूळ काम तेच करतो. प्रत्येक संगणकाच्या जोडणीला ४८ बिटांचा एक पत्ता असतो. कुठला पत्ता कुठल्या पोर्टावर आहे हे स्विच येणाऱ्या डेटावरून आपला आपण शिकतो आणि पुढचा डेटा नेमका त्याच पोर्टावर सोडतो. हे ज्ञान तो जपून ठेवत नाही. पाच मिनिटं एखाद्या पत्त्याकडून काही आलं नाही, तर साधारणपणे ती नोंद गळून जाते. पुन्हा शिकायला त्याला क्षणभर पुरतो.

जे तो शिकू शकत नाही, ते माणसानं सांगावं लागतं. काउंटरचे संगणक एका गटात, कॅमेरे दुसऱ्या गटात, फोन तिसऱ्या गटात. या गटांना व्हीलॅन म्हणतात. कुठल्या पोर्टावर कोणता व्हीलॅन, दोन स्विचना जोडणाऱ्या ट्रंकवरून कोणकोणते व्हीलॅन जाऊ द्यायचे, आत कोणी शिरायचं, घड्याळ कुठून लावायचं. अशा शेकडो ओळी मिळून कॉन्फिगरेशन होतं. ही एक साधी मजकुराची फाइल असते. छापली तर पाचपंचवीस पानांत मावेल. स्विच जळला तर नवा दोन दिवसांत येतो. त्या पानांमागे मात्र कित्येक वर्षांचे निर्णय असतात, आणि ते घेणारा माणूस एव्हाना नोकरी सोडून पुण्याला किंवा दुबईला गेलेला असतो.

तर ही फाइल सिस्कोच्या आणि त्या वळणाच्या स्विचमध्ये दोन ठिकाणी असते. एक ‘रनिंग कॉन्फिग’, म्हणजे या घटकेला चालू असलेली. ती रॅममध्ये राहते. दुसरी ‘स्टार्टअप कॉन्फिग’, म्हणजे वीज आल्यावर जी वाचून स्विच उठतो ती. ती वीज गेली तरी टिकते. तुम्ही टाइप केलेली प्रत्येक आज्ञा ताबडतोब पहिल्या प्रतीत उतरते आणि लगेच लागू होते. दुसऱ्या प्रतीत ती आपोआप जात नाही. त्यासाठी ‘राइट मेमरी’ अशी वेगळी आज्ञा द्यावी लागते. हात बसलेली माणसं नुसतं ‘डब्ल्यूआर’ एवढंच टाइप करतात.

ते करायचं राहिलं, तर कळत नाही. तेच तर वाईट. मार्चमध्ये कोणीतरी कर्ज विभागासाठी नवा व्हीलॅन घातला, प्रिंटर चालला, सगळे खूश, सेव्ह करायचं राहिलं. जूनमध्ये पहिल्या पावसात लाइट गेली, यूपीएसची बॅटरी थकलेली होती, स्विच बसला आणि उठला. उठला तो फेब्रुवारीतला होऊन. कर्ज विभाग बंद. ज्याच्या हातात फोन आहे तो शपथेवर सांगतो की आज कोणीही काहीही बदललेलं नाही, आणि तो खरंच बोलत असतो.

म्हणून नेटवर्क सांभाळणाऱ्याचा सगळ्यात कामाचा प्रश्न ‘काय बिघडलं’ हा नसतो. ‘कालपासून काय बदललं’ हा असतो. मॉनिटरिंग आणि बॅकअप ही दोन वेगळी कामं म्हणून शिकवली जातात, दोन वेगळ्या सॉफ्टवेअरांत विकली जातात. माझ्या मते दोन्ही याच प्रश्नाची उत्तरं आहेत. एक सांगतं की वागणूक बदलली, दुसरं सांगतं की हुकूम बदलला.

वागणुकीकडे आधी पाहू. स्विचला दुरून प्रश्न विचारण्याची जी भाषा जगभर चालते, ती एसएनएमपी. ती १९८८ साली आली आणि नावातच ‘सिम्पल’ असूनही शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी रडवते. कारण तिच्यात प्रत्येक माहितीला नाव नसून आकड्यांची वाट असते. पोर्टावरून किती बाइट आत आले हे विचारायचं, तर १.३.६.१.२.१.२.२.१.१० आणि पुढे पोर्टाचा क्रमांक. यातला सुरुवातीचा ६ म्हणजे अमेरिकेचं संरक्षण खातं, कारण इंटरनेटची फांदी त्यांच्या झाडावर फुटली. लातूरच्या कॉलेजातला स्विच ‘माझ्या पाच नंबरच्या पोर्टावर किती गर्दी आहे’ हे सांगतो, तेही याच वाटेवरून.

उत्तर येतं ते फक्त एक आकडा. तो घरच्या विजेच्या मीटरसारखा असतो: सतत चढणारा. आजच्या रीडिंगमधून मागचं रीडिंग वजा केलं की वापर कळतो. बहुतेक सॉफ्टवेअर दर पाच मिनिटांनी रीडिंग घेतात. आता गंमत पाहा. जुना मीटर ३२ बिटांचा, म्हणजे सुमारे ४२९ कोटी बाइट मोजून झाले की पुन्हा शून्यावर येणारा. १० मेगाबिटच्या जमान्यात तो भरायला जवळजवळ तासभर लागे, तेव्हा कोणाला फिकीर नव्हती. १०० मेगाबिटला पावणेसहा मिनिटं, म्हणजे पाच मिनिटांच्या रीडिंगला जेमतेम पुरणारा. एक गिगाबिटची लाइन तुडुंब भरली, तर तो ३४ सेकंदांत गरगर फिरून शून्यावर येतो. पाच मिनिटांत आठ वेळा फिरलेला मीटर वाचणाऱ्याला जेमतेम वापर दाखवेल. लाइन गुदमरतेय आणि आलेख म्हणतोय सगळं आलबेल! यावर ६४ बिटांचा वेगळा मीटर केव्हाच आला आहे, तरीही जुन्या सवयीनं लावलेले ३२ बिटांचे आलेख आजही भिंतीवरच्या मोठ्या पडद्यांवर दिमाखात झळकताना दिसतात.

तोच प्रकार ‘स्विच किती दिवस अखंड चालू आहे’ या आकड्याचा. तो सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजला जातो, म्हणून ४९७ दिवसांनी शून्यावर येतो. रात्री तीन वाजता ‘स्विच रीस्टार्ट झाला’ असा मेसेज आला आणि धावतपळत गेल्यावर सगळं शांत दिसलं, तर आधी हा हिशेब करून पाहावा.

हे आलेख काढायची सवय जगाला लावली ती टोबियास ओटिकर या स्विस माणसानं. १९९४ साली तो इंग्लंडमध्ये लेस्टरच्या डी मॉन्टफोर्ट विद्यापीठात काम करत होता. अख्ख्या विद्यापीठाला बाहेरच्या जगाशी जोडणारी लाइन होती ६४ किलोबिटची. ती कधी तुंबते हे प्रत्येकालाच हवं होतं, म्हणून त्यानं ठरावीक वेळानं आकडा विचारून आलेख काढणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो एमआरटीजी. आत येणारी वाहतूक हिरवी भरलेली, बाहेर जाणारी निळी रेघ. आजची लिब्रेएनएमएस किंवा झॅबिक्ससारखी सॉफ्टवेअर कितीतरी पुढे गेली, पण हा पाच मिनिटांचा ठोका अनेक ठिकाणी तिथूनच चालत आला आहे.

गर्दीचा आलेख दिसायला देखणा असतो, पण मला विचाराल तर त्याच्याइतकंच लक्ष चुकांच्या आकड्याकडे द्यावं. पोर्टावर येणाऱ्या डेटाच्या प्रत्येक तुकड्याबरोबर पडताळणीचा एक आकडा येतो, तो जुळला नाही की सीआरसी एरर मोजली जाते. हा आकडा चढत असेल, तर वायर खराब, कनेक्टर नीट क्रिंप केलेला नाही किंवा केबल कुठेतरी खुर्चीच्या पायाखाली चेपली गेली आहे. नेट ‘बंद’ नसतं, ‘स्लो’ असतं. ही तक्रार महिनोन्‌महिने फिरत राहते, कंत्राटदार बदलतात, आणि दोष असतो दीड मीटरच्या वायरीत.

विचारल्यावर उत्तर देणं ही झाली एक रीत. स्विच न विचारताही बोलतो. त्याला सिसलॉग म्हणतात. एरिक ऑलमननं १९८० च्या दशकात बर्कलीमध्ये आपल्या सेंडमेल या मेल-प्रोग्रॅमसाठी ती पद्धत काढली आणि पुढे ती सगळ्यांचीच झाली. शून्यापासून सातपर्यंत गांभीर्याच्या पायऱ्या. शून्य म्हणजे आकाश कोसळलं, सात म्हणजे निव्वळ बडबड. पोर्ट पडला, पंखा थांबला, तापमान चढलं, प्रत्येकाची एक ओळ. त्यातली एक ओळ मला सगळ्यांत मोलाची वाटते. तिच्या सुरुवातीला ‘सिस-५-कॉन्फिग-आय’ असं असतं आणि पुढे अमुक नावाच्या वापरकर्त्यानं अमुक पत्त्यावरून मांडणी बदलली, असं लिहिलेलं असतं. गांभीर्य पाच, म्हणजे नुसती दखल घेण्याजोगी. बहुतेक जण ती गाळून टाकतात.

या ओळींना वेळ बरोबर हवी. स्विच स्वतःचं घड्याळ लावून घेत नाही. कित्येक जुने सिस्को स्विच वीज येताच १ मार्च १९९३ ही तारीख धरून चालू लागतात. दहा स्विचच्या दहा वेळा असतील, तर कोणता पोर्ट आधी पडला आणि कोणता त्याच्यामुळे पडला, हे कसं कळणार? आपल्याकडे सर्ट-इननं २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत यंत्रणांची घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायला, लॉग १८० दिवस जपायला आणि ठरावीक घटना सहा तासांत कळवायला सांगितलं आहे. घड्याळाची ही अट कागदी वाटते खरी, पण ती पाळली नाही तर बाकीच्या दोन अटी पाळून फारसा उपयोग नाही.

आता हुकमाकडे, म्हणजे बॅकअपकडे. जुनी पद्धत अशी: वर्षातून एकदा कोणीतरी लॅपटॉप घेऊन बसणार, प्रत्येक स्विचची फाइल टीएफटीपीनं ओढून डेस्कटॉपवरच्या ‘न्यू फोल्डर’मध्ये ठेवणार. टीएफटीपीला पासवर्ड नावाचा प्रकारच नाही, हे एक. आणि ‘कोअर-फायनल-लेटेस्ट-२’ या नावाची फाइल कधीची, हे ठेवणाऱ्यालाही सांगता येत नाही, हे दुसरं.

यातून मार्ग काढला रॅन्सिडनं. हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम ठरावीक वेळानं स्वतः प्रत्येक स्विचमध्ये लॉगइन करतो, कॉन्फिग वाचतो आणि प्रोग्रॅमर आपला कोड ज्या प्रकारच्या भांडारात ठेवतात, तशा भांडारात ठेवतो. काही बदललं नसेल तर गप्प. बदललं असेल तर फक्त तेवढ्याच ओळी ई-मेलनं पाठवतो: गेलेल्या ओळीआधी वजाचं चिन्ह, आलेल्या ओळीआधी अधिकचं. पुढे आलेला ऑक्सिडाइज्ड हेच काम करतो, सहसा दर तासाला. आणि मघाची ती ‘सिस-५’वाली ओळ कानावर पडताच तो तास न थांबता ताबडतोब प्रत घेईल, अशीही व्यवस्था करता येते. तेव्हा कोणी, कधी आणि नेमकं काय बदललं, हे मिनिटाभरात समोर.

असा एक मेल जवळून पाहू.

− स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन १०,२०,४०
+ स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०

करणाऱ्याच्या मनात होतं की १०, २०, ४० च्या जोडीला ३० ही जाऊ द्यावा. त्यासाठी आज्ञेत ‘अॅड’ हा शब्द लागतो. तो राहिला, आणि स्विचनं अर्थ घेतला की यापुढे फक्त ३०. काउंटर, कॅमेरे, फोन एका एंटरसरशी पलीकडे तुटले. या धंद्यात थोडी वर्षं काढलेल्या माणसाला ही आज्ञा टाइप करताना बोट थबकलेलं आठवतंच. मॉनिटरिंगचा पडदा अशा वेळी लालभडक होतो, पन्नास यंत्रं बंद असल्याचं सांगतो. कारण मात्र या दोन ओळींत असतं.

त्यातही तो दुरून काम करत असेल आणि त्याची स्वतःची जोडणी व्हीलॅन १० वरून असेल, तर तो आता दुरुस्तीही करू शकत नाही. इथे मघाची विसरभोळी स्मृती कामाला येते. बदल सेव्ह झालेला नाही, तेव्हा तिथल्या शिपायाला फोन करून स्विचची वीज काढून घालायला सांगितली की जुनी मांडणी परत. मुरलेली माणसं फोनवरही विसंबत नाहीत. जोखमीचं काम सुरू करण्याआधीच ‘रीलोड इन १०’ अशी आज्ञा देऊन ठेवतात, म्हणजे दहा मिनिटांनी आपोआप रीस्टार्ट. सगळं ठीक झालं तर ती रद्द करायची आणि मग सेव्ह करायचं. जुनिपरनं हे अधिक सभ्यपणे केलं आहे. तिथे बदल ‘कमिट कन्फर्म्ड’ म्हणून लागू करता येतो आणि दहा मिनिटांत पुन्हा दुजोरा दिला नाही, तर यंत्र आपण होऊन मागे फिरतं. शिवाय आधीच्या मांडण्या ते पोटातच क्रमानं ठेवतं.

४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, व्हॉट्सअॅप, इन्स्टाग्राम सुमारे सहा तास बंद पडले, त्यामागेही देखभालीच्या वेळी दिलेली एक आज्ञा होती. ती तपासणाऱ्या साधनात दोष होता, म्हणून ती अडली नाही. प्रकरण स्विचपेक्षा कितीतरी मोठ्या जाळ्याचं; पण इंजिनिअर दुरून आत शिरू शकेनात आणि माणसांना प्रत्यक्ष डेटा सेंटरवर पाठवावं लागलं, हा भाग आपल्या शाखेतल्या माणसालाही ओळखीचा वाटेल. जाळ्यावर नजर ठेवणारी वाट त्याच जाळ्यातून जात असेल, तर जाळं पडताक्षणी नजरही जाते. बॅकअपचा सर्व्हर त्याच स्विचच्या पलीकडे ठेवणं ही याचीच धाकटी आवृत्ती.

बॅकअप आहे, आता निश्चिंत, असं वाटणाऱ्यांसाठी काही खाचखळगे. सिस्कोच्या अनेक स्विचवर व्हीलॅनची यादी मुख्य कॉन्फिगमध्ये नसतेच. ती ‘व्हीलॅन डॉट डॅट’ या वेगळ्या फाइलीत असते. ती उचलली नसेल, तर नव्या स्विचवर कॉन्फिग बिनचूक बसतं, प्रत्येक पोर्ट आपला व्हीलॅन सांगतो, आणि ते व्हीलॅन अस्तित्वातच नसतात. दुसरं असं की चालू स्विचवर जुनी फाइल ओतली, तर ती जुन्याची जागा घेत नाही, आहे त्यात मिसळते. नको असलेल्या ओळी तशाच राहतात. पूर्ण अदलाबदलीची आज्ञा वेगळी आहे. तिसरं, सुरक्षित लॉगइनसाठी लागणारी गुप्त किल्ली या फाइलीत येत नाही. स्विच उत्तम चालतो, पण दुरून आत घेत नाही. मग ती चपटी निळी कन्सोल केबल शोधा, ९६०० चा वेग लावा आणि नवी किल्ली तिथेच बसून तयार करा. हे सगळं कळण्याची जागा म्हणजे टेबलावरचा सुटा स्विच आणि निवांत दुपार. तिथे एकदा परत उभं करून पाहिलं नसेल, त्याला मी बॅकअप म्हणणार नाही.

आणि ही फाइल सांभाळून ठेवायची वस्तू आहे. तिच्यात अख्ख्या जाळ्याचा नकाशा असतो. जुन्या पद्धतीचे ‘टाइप ७’ पासवर्ड दिसायला गूढ आकड्यांसारखे असले, तरी ते उलगडून दाखवणारी साधनं १९९० च्या दशकापासून उघड्यावर आहेत. एसएनएमपीच्या जुन्या आवृत्तीचा परवलीचा शब्द तर स्वच्छ वाचता येतो, आणि तो कितीतरी ठिकाणी अजून कारखान्यातून आलेला ‘पब्लिक’च असतो. अशी फाइल मदतीसाठी एखाद्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकणारे महाभाग कमी नाहीत.

एक गोष्ट मात्र कुठल्याच बॅकअपमध्ये येत नाही: कोणती केबल कोणत्या पोर्टात होती. फाइलीला माहीत असतं की १७ नंबरचा पोर्ट कर्ज विभागाचा. समोर लोंबणाऱ्या २४ करड्या वायरींपैकी कर्ज विभागाची कुठली, हे तिला ठाऊक नाही. म्हणून जुना स्विच काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढतात आणि वायरींना चिठ्ठ्या लावतात. याला जोड म्हणून प्रत्येक पोर्टाखाली ‘डिस्क्रिप्शन’ अशी एक ओळ लिहिता येते: दुसरा मजला, कर्ज विभाग, प्रिंटर, भिंतीवरचा पॉइंट अमुक. स्विचच्या कामात तिनं तसूभर फरक पडत नाही, म्हणूनच ती कोणी लिहीत नाही. लिहिलीच, तर ती बॅकअपमध्ये येते, बदलाच्या मेलमध्ये दिसते आणि एसएनएमपीनं वाचून आलेखाच्या डोक्यावरही छापली जाते. मग रात्रपाळीच्या माणसाला ‘पोर्ट १७ डाउन’ याऐवजी ‘कर्ज विभाग, प्रिंटर, डाउन’ असा मेसेज येतो, आणि तो सकाळपर्यंत थांबू शकतो की नाही, हे त्याला अंथरुणातच ठरवता येतं.